बिजागरी

पाच महिने घर बंद होतं.
चारकोपच्या खाऱ्या हवेत कपाटाचं दार
एका खांद्यावर लोंबकळत राहिलेलं,
आणि गॅलरीत कढीपत्त्याची नुसती काडी.

ज्या गावाहून परतलो त्याचं नाव शेला.
नकाशावर दुसरंच आहे, लांबलचक,
जिभेला घाट चढायला लावणारं.
पण तिथली माणसं म्हणतात शेला,
आणि पहिल्या रात्री, साडेसात हजार फुटांवरच्या थंडीत
मला वाटलं होतं, चला,
अंगावर घ्यायला एक शब्द तरी घरचा निघाला.

मी वही नेली होती. दोनशे पानी, रेघांची.
क्रियापदं मांडली एकाखाली एक,
भूतकाळाचे दोन प्रकार,
एक होऊन गेलेला, एक होत राहिलेला.
अबोली सात वर्षांची.
नाव ठेवताना फुलाचा विचार केला होता,
तिथे सहा आठवडे तिने ते शब्दशः पाळलं.
डोन्या ओतिलियाच्या स्वयंपाकघरात
उलट्या बादलीवर बसून नुसती ऐकायची.
मी रात्री फोनवर श्रीरंगला म्हणायचे, चूक झाली रे,
पगार बुडवून पोरीला मुकी करायला आणलं.

मग एका मंगळवारी
येसेनियाने तिची निळी गोटी लंपास केली
आणि अबोली भांडली.
अख्खं भांडण, कर्ता-कर्म-क्रियापदासकट.
मला अर्धंही कळलं नाही.
दाराआड उभी राहून रडले,
आणि ऐकू आलं तेवढं वहीत उतरवून घेतलं.

तिथे कुणी जेवत असलं की
जवळून जाणारा म्हणतो, प्रोवेचो.
ओळख लागत नाही. अंगी लागो, असं काहीसं.
परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी
नाक्यावर वडापाव खाणाऱ्या रिक्षावाल्याला
ती म्हणाली, प्रोवेचो.
त्याला वाटलं पोर भुकेली आहे.
अर्धा मोडून पुढे केला.
तिने खाल्ला, हळूहळू,
त्याच्या तोंडाकडे बघत,
आता तो म्हणेल म्हणून.

आता नोव्हेंबर. शब्द पडतायत
तिच्या दुधाच्या दातांसारखे:
एक हलायला लागतो, दोन दिवस ती जिभेने ढकलत राहते,
मग तिथे नुसती फट.
पतंगाला काय म्हणायचात गं, विचारलं
तर म्हणते, आई, वहीत बघ ना.
वहीत आहे. वहीत सगळं आहे.
फक्त मोठ्याने वाचलं
की ती कान झाकते.

रविवारी पास्कल मेस्त्री आला, वसईचा,
मिस्सा उरकून, इस्त्रीच्या शर्टावर हत्यारांची पिशवी.
दार खांद्याने उचलून म्हणाला,
दाराला काय नाय झालेलं, बिजागरी गेलीय.
अबोलीने पेन्सिल खाली ठेवली.
"बिसाग्रा."
"बिसाग्रा नाय गो. बिजागरी."
"बिसाग्रा! येसेनियाच्या खुराड्याची मोडलेली,
कोंबड्या पळाल्या सगळ्या, तिचे बाबा म्हणाले, बिसाग्रा."
"कुठली येसेनिया? भाईंदरची?"

दोघंही हटून बसले. मी मध्ये पडले नाही.
कुठल्या गलबतातून कोण उतरलं,
एक बहीण वसईच्या धक्क्याला, दुसरी त्या डोंगरात,
सांगता आलं असतं.
मी पोहे परतत राहिले.

नवी बसली. जुनी त्याने तिच्या हातावर ठेवली,
गंजलेली, दोन पाकळ्यांची,
मधल्या सळईवर अजून वळणारी.
तिने उघडली, मिटली. करकरली.
पुन्हा उघडली.
त्याने तेलाची कुपी काढली. दे, आवाज घालवतो.
अबोलीने मूठ मागे घेतली.
"नको. बोलू दे तिला."

पास्कल मेस्त्रीने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, राहू द्या.
बसा, पोहे घ्या.